टॉवेलाखालचे दोन हात

ता. ३ ऑगस्ट, मंचर
पत्र आलं. आंतरराष्ट्रीय शांतता संघटनेच्या स्थापनेनिमित्त जे टपाल तिकीट निघणार आहे, त्यासाठी माझं चित्र निवडलंय. बाकीच्यांनी कबुतरं पाठवली असणार. मी बेल्ह्याच्या बैलबाजारातला सौदा काढला होता. टॉवेलाखाली दोन हात, बोटांनी भाव चाललेला, बाहेर फक्त मनगटं आणि अंगठे. शाळेत पेढे वाटले. माझ्या नोकरीच्या अकरा वर्षांनी हेडसरांना कळलं की शाळेत ड्रॉइंगचा तास असतो.

ता. ४
आनंद एक दिवस टिकला. एक हात दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. दुसरा जुन्नरच्या चाँदचाचांचा. चाचा बाजारातले दलाल, तीस वर्षं दोघांनी एका टॉवेलाखाली सौदे केले. पण चित्रासाठी मी दोघांना वेगवेगळं बसवलं. दादांना आमच्या आणे गावी घरी, चाचांना जुन्नरला. दुसरा हात कुणाचा, दोघांनाही सांगितलं नाही. कागदावर मी जुळवले. खोटं चित्र आहे. आणि म्हणे शांततेचं.

ता. ७
तिकिटाच्या समितीतल्या बाईंचा फोन. चित्रासोबतच्या टिपणात हात कुणाचे ते मी लिहिलं होतं. "प्रकाशनाला ते दोघं स्टेजवर हवेत. एक मुस्लिम आहेत ना? फोटो छान येईल." येणाऱ्यांची नावं १२ तारखेला सकाळी कळवायची. मी हो म्हणून बसले. का म्हणाले...

ता. ९, आणे
दादांना दुसरा हात कुणाचा ते सांगितलं, स्टेजचंही सांगितलं.
मागच्या वर्षी बाजाराच्या वाटेवर गावच्या पोरांनी चाचांचा टेम्पो अडवला. त्यांना खाली ओढलं, टोपी मातीत पाडली. दादा दहा पावलांवर उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून चाचा बाजारात येत नाहीत, दोघांचं बोलणं बंद.
"तुला दुसरं मानूस घावलं न्हाई व्हय?" दादा म्हणाले. मग, "तो आला तर मी बी येतो." जणू उपकारच. इतका संताप आला. पोरं सगळी ओळखीची होती, नुसतं हटकलं असतं तरी पांगली असती. त्यात एक माझा चुलतभाऊ. त्यानंतरच्या राखीला मीही त्याला ओवाळलं, काही विचारलं नाही. हेही इथे लिहून ठेवते.

ता. १०
जुन्नर. चाचा मुलाच्या दुकानात बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या आणि घुंगरू विकत बसलेले. चहा मागवला. चित्राची प्रत पुढे ठेवली, दुसऱ्या हाताचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सांगू नको बेटा. ह्यो अंगठा मी डोळं मिटून वळखीन."
बराच वेळ बघत होते. चित्र लई चांगलं झालंय म्हणाले.
"त्या दिशी ह्यो हात कुठं व्हता, एवढं इचार दादाला."
स्टेजवर येणार का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

ता. ११, आणे
विचारलं. दादा गोठ्यात वैरण टाकत होते. थांबले नाहीत.
"खिशात व्हता," म्हणाले. "सांग त्याला."
मी नाही सांगणार म्हटलं, तुम्ही जाऊन सांगा. जेवण झाल्यावर धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. जुन्नरची दोनची एसटी गेली. चारचीही गेली. अजून बसलेत. नावं उद्या सकाळी कळवायचीत.