बारशाचा आहेर

जामखेड, ४ जानेवारी २०२५

ती. दादांस, भारतीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. माझ्या नातीच्या बारशाला तुम्ही रविवारी सोनईहून आणलेला आहेर पोचला. झबलं थोडं मोठं होतंय. सर्दी मात्र सगळ्यांना बरोबर बसली. गुरुवारी तुमच्या भाचीला निकिताला, काल मला, आज जावईबापूंना. सव्वा महिन्याची पोरही सकाळपासून शिंकतेय. तुम्ही खोकत खोकत तिचे मुके घेतलेत, तेव्हा एसटीतली धूळ आहे म्हणालात. धुळीने घरभर ताप येतो, हे नव्यानेच कळलं.

लोभ आहेच, सध्या पोस्टानेच पाठवावा.

तुमची भारती

सोनई, ९ जानेवारी

चि. भारतीस अ. आ.

पत्र वाचून करमणूक झाली. पस्तीस वर्षं शाळेत मुलांची नाकं पाहिली, पण सर्दीला एवढं घाबरणारं घर पाहिलं नाही. दोष हवेचा आहे. इथेही शेजारचा पुंजाराम, त्याची म्हातारी आई आणि आमच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरचे तिघे खोकतायत. त्या सगळ्यांकडे मी रोज जातो, त्यामुळे माहिती पक्की आहे. एकोणीस तारखेला नातीला पाहायला येतो. खोकला थोडा शिल्लक आहे, पण चालेल.

सगळ्यांनी उन्हात बसावे व माझ्यावरचा राग उतरवावा.

दादा

जामखेड, १४ जानेवारी

ती. दादांस नमस्कार.

येऊ नका.

मागच्या सोमवारी पोरीने दूध सोडलं. श्वासागणिक बरगड्या आत जायला लागल्या. सात दिवस दवाखान्यात होती, त्यातले चार ऑक्सिजनवर. काल घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, ज्या विषाणूने मोठ्यांचं नुसतं नाक गळतं, तोच तान्ह्यांच्या छातीत उतरतो. खोकल्यातून जातो, हातांवरूनही जातो. घरात आधी सर्दी कोणाला होती, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं, आणि फार बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, बाळ त्यांच्या हातात दिलं कोणी.

मी दिलं, दादा. तुम्ही खोकताय हे दिसत होतं. पण नाही म्हटलं असतं तर तुम्ही न जेवता निघून गेला असता. गावभर हात धुवायला सांगत फिरणारी आशाताई मीच, हेही त्यांना सांगावं लागलं.

आता रागवायला मला दोघं आहेत.

भारती

सोनई, १८ जानेवारी

चि. भारतीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. हवेवरचा आरोप मागे घेतो. पुंजारामची आई अजून अंथरुणातच आहे. आज दारातूनच विचारपूस केली.

उद्या येत नाही. खोकला पुरता गेल्यावर तू बोलावशील तेव्हा येईन, लांब बसेन. तू स्वतःला बोल लावू नकोस. नाही म्हणाली असतीस तर मी खरंच न जेवता गेलो असतो, आणि ते फार बरं झालं असतं.

एक विचारायचं आहे. बारशात नाव ठेवलं तेव्हा मला खोकल्याची उबळ आली होती. नाव ऐकूच आलं नाही, आणि नंतर विचारायची लाज वाटली. हल्ली रोज देवापुढे बसतो, पण कोणासाठी बसलोय ते नीट सांगता येत नाही.

तेवढं लिहून पाठव. लोभ तुझ्या मर्जीने.

दादा