केकचा पहिला तुकडा

प्रियंका पोरी,
सुखात रहा.

आज तुझा वाढदिवस. तू शिकवला तसाच केक केला. कुकरात मीठ तापवलं, शिट्टी काढून ठेवली. गार झाल्यावर वरून अंगणातल्या पपईच्या फोडी अन् डाळिंबाचे दाणे लावले. लय मऊ झालाय गं. शेजारीण विचारायली, "कुणाचा वाढदिवस?" म्हणलं, "तुला काय करायचंय!"

आपला गंगाधर गेल्यावर तुझं दुसरं लगन मीच हट्टानं लावून दिलं. पोटच्या लेकाची बायको होतीस, तरी लेक म्हणूनच पाठवली. त्याचा पस्तावा न्हाई. पण नव्या घरी पहिल्या सासूचं पत्र आलं, तर त्या लोकायला कसं वाटंल? म्हणून हे पेटीतच राहील.

सवयीनं पहिला तुकडा गंगाधरच्या फोटोपुढं ठेवला. तू असती तर भांडली असती, "आई, वाढदिवस माझा हाय!" खरंच की. झटक्यात उचलला. तवापासून बशी घेऊन घरभर फिरायलेय.

गेलेल्याचा घास फोटोपुढं ठेवता येतो, कावळ्याला घालता येतो. जित्या माणसाचा कुठं ठेवायचा गं?

तुझी,
पालमची आई