वावरणारी बाई

काका,

बाबा गेल्यावर तुम्ही आईला आणि मला घराबाहेर काढलंत आणि गल्लीत सांगितलंत, "वहिनीनं घरात जीव दिला." त्या थापेनं घर भुताटकीचं ठरलं. वर्षानुवर्षं ते कुणी घेईना. शेवटी कोण घेतंय हेही न विचारता कवडीमोलानं विकलंत.

एजंट मला दबकत म्हणाला, "ताई, आत एक बाई वावरते म्हणतात."

"वावरू दे. तिच्यासाठीच घेतेय."

काल आईला आणलं. आमच्या खिडकीत तिला ओळखून शेजारीण किंचाळली. मला हसू फुटलं. आईनं मात्र तिला शांतपणे विचारलं, "मी गेले कळल्यावर कुणी रडलं होतं का गं?"

शेजारीण पदर सावरत घरात निघून गेली.

उत्तर तुम्हालाही ठाऊक असेल. पण हे पत्र टाकणार नाही. तुम्ही पुन्हा खोटंच सांगाल.

'तुमची' म्हणायला जीभ वळत नाही ती,
पुतणी