उतरलेला ग

रविवार, ७ जानेवारी २००१

कोणीतरी माझ्या कीबोर्डला हात लावलाय! तीन नंबरच्या मेमरीत मी बेंजोचा आवाज साठवलेला. काल हळदीत बटण दाबलं तर व्हायोलिन! नवरीची आत्या तोंडाला पदर लावून हसली.

शत्रुघ्न म्हणतो, "मायकल, तुझंच बोट चुकलं असेल." माझं बोट! अकरा वर्षं हा माझ्या बाजूला ऑक्टोपॅड बडवतोय आणि मला बोटं शिकवतो. कीबोर्डची बॅग नेहमी तोच उचलतो. यापुढे मी उचलणार.

सोमवार, ८ जानेवारी

बेंजो पुन्हा बसवला. अडीच तास गेले. आधी मँडोलिन घ्यायचं, लांबणारी शेपूट कापायची, वर थोडी खरखर चढवायची. आणि शेवटी ग — सा-रे-ग मधला एकटा ग — नेमक्या सुरापासून बारा आकडे खाली.

शत्रुघ्नच्या मते हे बेसूर. "एवढी बटणं दिलीत, ग सरळ कर ना!" गाढवाला गुळाची चव काय! पप्पांच्या खऱ्या, तारांच्या बेंजोवर ग च्या बटणाखालची पट्टी वाकलेली होती. होडीच्या उरलेल्या हिरव्या रंगाने रंगवलेलं ते खोकं आणि तो उतरलेला ग — आमचं निम्मं पाचूबंदर गाव त्याच्यावर नाचलंय. पप्पा गेले, ग राहिलाय. आता माझ्या फ्लॉपीतही साठवून ठेवला. जगात दुसरीकडे कुठेच नाही.

रविवार, २१ जानेवारी

अर्नाळ्याला लग्नाला गेलो होतो, पाहुणा म्हणून. वडे-मटण खात बसलो होतो. स्टेजवर अर्नाळ्याचा तो कीबोर्डवाला ग्लेन — मांडवात गॉगल लावून! वाजवायला लागला आणि मी हातातला वडा खाली ठेवला. माझा बेंजो! तीच खरखर. म्हटलं थांब, ग येऊ दे.

ग आला. उतरलेला!

चोर साला. भरल्या ताटावरून उठलो.

सोमवार, २२ जानेवारी

फ्लॉपी जागेवर आहे. म्हणजे कॉपी काढून परत ठेवली. घरचा भेदी!

गुरुवार, २५ जानेवारी

जेट्टीवर मासळीचा लिलाव चालू होता, तिथेच शत्रुघ्नला गाठला. चारचौघांत विचारलं, "ग्लेनला फ्लॉपी कितीला दिलीस?" आधी हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "एकवीरा आईची शपथ, मायकल. मी नाय दिली." मी म्हटलं, हल्ली शपथा बोंबलांपेक्षा स्वस्त झाल्यात.

बायका लिलाव सोडून बघायला लागल्या. तो एवढंच म्हणाला, "दुसरा बघ मग." बघतो की! तुझ्यावाचून काय अडलंय?

घरी आईचं वेगळंच. "तुजा आवाज कोनी नाय नेला. बापसाचा बेंजो कुठं हाय, तां सांग आधी." मी बोलतोय काय, ही विचारते काय! म्हातारपण, दुसरं काही नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

काल एकट्याने हळद वाजवली. ठेका मशीनचा लावला. कुठल्या गोऱ्या लोकांच्या पार्टीतला ठेका आहे तो देव जाणे! दोन गाणी झाली आणि बायका खुर्च्यांवर जाऊन बसल्या. नवऱ्याचा मामा आला, "तुमचा तो ऑक्टोपॅडवाला कुठं हाय?" आजारी आहे म्हटलं. मरू दे त्याला.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज रागाच्या भरात ग सरळ केला. चोराकडे उतरलेला, तर माझ्याकडे सरळ! एक गाणं वाजवलं. स्वच्छ, सुरात, आणि दुकानात ठेवलेल्या कीबोर्डसारखं. आई भांडी घासता घासता थांबली.

परत बारा खाली केला. माझी वस्तू मी का सोडू? पुढच्या रविवारी अर्नाळ्याला जाऊन ग्लेनची कॉलर धरणार. फ्लॉपी त्याच्या हातूनच मोडायला लावीन.

रविवार, १८ फेब्रुवारी

ग्लेनकडे गेलो. काय काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. तो म्हणाला, "फ्लॉपी कसली? मी आवाज ह्याच्यावरून लावला," आणि टेबलावरची चादर उचलली. खाली पप्पांचा बेंजो. तोच हिरवा रंग.

एका भंगारवाल्याकडे मिळाला म्हणे. "महिना गेला आवाज जुळवायला. ग काय जमेना. मग बघतो तर पट्टीच वाकलेली! सरळ नाय केली, तशीच बरी वाटते." मी दिला होता भंगारात. नवा कीबोर्ड आला तेव्हा, कपाटावर जागा हवी म्हणून.

"कोन टाकतं रे असा बेंजो?" त्याने विचारलं.

मला काय ठाऊक, म्हटलं. चहा प्यायलो आणि निघालो. शत्रुघ्नचं घर वाटेतच लागतं. लाज वाटली, मागच्या गल्लीने आलो.