सडक्या कांद्याचा वास

माय, माझं नाक गेलं. कधी गेलं ते मलाही कळलं नाही. लहानपणी तू मला रोज कांदा साठवायच्या चाळीतून फिरवायचीस. सडका कांदा डोळ्याच्या आधी नाकाला कळतो, असं तुझं म्हणणं. एकदा माझ्याकडून एक सुटला, तर म्हणालीस, “नाक कायले देल्लं बे देवानं, शेंबूड पुसाले?” मी रडलो. पुढे मोताळ्याच्या बाजारातले लोकही ढीग हुंगायला मलाच बोलवायचे. आणि मागच्या साली आपल्याच चाळीत कांद्याला पाणी सुटलं. मी तिथून रोज जात होतो. मुलगा म्हणाला, “बाबा, तुमाले वास कसा नाही आला?”

मग हात कापायला लागला आणि डॉक्टर सुरू झाले. पोट साफ होत नाही म्हणून एक, मन लागत नाही म्हणून दुसरा. झोपेत लाथा मारतो म्हणून बायकोनं खाट लांब नेली. एकानं मीठ बंद केलं, उठताना भोवळ येते म्हणून दुसऱ्यानं वाढवलं. सून म्हणते, “त्या दोघायले एका बाजेवर बसवा, मंग मी भाजीत मीठ टाकते.” शेवटी मुलानं अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिनं गोळ्यांची सगळी पिशवी टेबलावर ओतली. म्हणाली, “बाबा, हे सगळं एकाच आजाराचं आहे, पार्किन्सनचं. वास तर हात कापायच्या कितीतरी आधी जातो.” बाकीच्या डॉक्टरांशी ती स्वतः बोलणार आहे. मग तिनं विचारलं, “कोणी नसताना माणसं दिसतात का? लाजू नका. गोळ्या बदलून ते थांबवता येतं.” मुलगा माझ्याकडेच पाहत होता. मी नाही म्हणालो.

दुपारी तू स्वयंपाकघरात बसलेली असतेस, पूर्वी चूल होती त्या कोपऱ्यात. बोलत नाहीस. तू नाहीस हे मला समजतं, तरी भाकरीचा तुकडा तुझ्यापुढे ठेवतो. सून विचारते, “हे कोनाची भाकर, बाबा?” मी म्हणतो, मांजरीची. “मांजर कुठी हाय आपल्या घरी?” असं म्हणून ती तुकडा उचलते. सांगितलं तर तू जाशील, नाही सांगितलं तर उद्या आणखी कोण येऊन बसेल, या धास्तीनं जेवण जात नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तू समोरच आहेस. एवढंच सांगतो. तुझ्या पदराला कायम कांद्याचा वास असायचा. काल घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी तुझ्याजवळ वाकून नाकानं श्वास ओढला. काहीच आलं नाही.