आग वापरली : शून्य वेळा

४ फेब्रुवारी

फिजिओथेरपिस्ट बाईंनी आज हात टेकले. रबरी चेंडू दिवसातून दोनशे वेळा दाबायचा असतो. मी तो दाबतच नाही, हे त्यांनी ओळखलं! "मग बोटं चालतील असं दुसरं काहीतरी करा. व्हिडिओ गेम खेळा हवं तर." भाचीच्या कानावर हे गेलं आणि संध्याकाळी ती तिचा जुना गेमचा डबा टीव्हीला जोडून गेलीसुद्धा. सव्वीस वर्षं आगीच्या बंबावर काढली. आता एक्कावन्नाव्या वर्षी सोफ्यावर लोळत राक्षस मारायचे.

अकरा जानेवारीला दवाखान्यातून सुटलो. दोन मार्चला खात्याची चाचणी आहे. भाजलेल्या हाताची पकड बघणार, मग कढईतलं पेटलेलं तेल विझवायला लावणार. जमलं तर पुन्हा बंबावर. नाही जमलं तर कायमचा रेकॉर्डरूममध्ये.

५ फेब्रुवारी

माझ्या योद्ध्याचं नाव 'बंब' ठेवलं. भाची तिच्या घरून वैद्य होऊन खेळते, हेडफोनमधून कानात बोलते. सहा शक्ती आहेत — आग, पाणी, बर्फ, वीज, वारा, माती. "मामा, प्रत्येक राक्षस कशाला तरी घाबरतो. ते शोधायचं आणि नेमकं तेच मारायचं." आगवाल्यावर पाणी. पाणीवाल्यावर वीज. बर्फवाल्यावर आग. मातीवाल्यावर विजेचा काही परिणाम नाही. अर्थिंग! हे मी न सांगता ओळखलं आणि जरा भाव खाऊन घेतला.

शिवाय एकावर एक शक्ती टाकली की भलतंच काही होतं. आधी भिजवा, मग वीज टाका — दुप्पट मार.

९ फेब्रुवारी

दलदलीतला अख्खा कळप भिजवला, वर वीज सोडली. कळप खलास. भाचीचा वैद्यही खलास! "मामा! माझा माणूस पण त्याच पाण्यात उभा होता ना!"

ओल्या हाताने बटणाला हात लावू नका, असं शाळाशाळांतून सांगत फिरणारा मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

१३ फेब्रुवारी

गुहेत हिमराक्षस भेटला. सवयीने पाणी मारलं. ते त्याच्या अंगावर गोठलं आणि त्याचं चिलखत जाड झालं. आणखी मारलं. आणखी जाड. बायको ऑफिसातून आली, पाच मिनिटं मागे उभी राहून बघत होती. "अहो, तुम्ही त्याला मारताय की पोसताय?"

१४ फेब्रुवारी

पुन्हा पाणी. राक्षस आता टीव्हीत मावत नाही.

१७ फेब्रुवारी

फिजिओ बाई घरी आल्या. माझा खेळ बघत बसल्या. सगळी बोटं छान चालतात म्हणाल्या, फक्त अंगठा लाल बटणावर जात नाही. लाल बटण म्हणजे आग.

"तिथे दुखतो," मी म्हटलं.

"निळं बटण त्याला चिकटूनच आहे. तिथे बरा नाही दुखत!"

मी खोकलो. खोकल्यावरही व्यायाम असतो म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी

भाचीने आज माझी झडती घेतली. आधी चिलखत. टोप, बूट, ढाल, सगळं आगीपासून वाचवणारं. "मामा, बर्फाच्या गुहेत आहेस तू. इथे आग आहे कुठे?" मग हिशेबाचं पान उघडलं. "एक्केचाळीस तास खेळलास. पाणी वापरलं : दोन हजार तीनशे अकरा वेळा. आग वापरली : शून्य वेळा. शून्य!"

म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. जन्मभर विझवली, आता लावत सुटू?

ती खो खो हसली. "अरे, आगीला नुसता वारा दिलास तरी ती केवढी पसरते, बघ तरी एकदा—"

मी खेळ बंद केला. तिला काय माहीत! रंगाच्या गोदामाचं दार मीच उघडलं होतं. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघायचं, तापलंय का. नव्या भरतीकडून मी हे घोकून घेतो. त्या दिवशी घाई केली. दारातून वारा आत गेला आणि आग बाहेर आली. बंबाच्या ड्रायव्हरने कॉलर धरून मागे ओढलं म्हणून हातावर निभावलं.

२१ फेब्रुवारी

ड्रायव्हर भेटायला आला. जाता जाता म्हणाला, "यंदा नवीन नियम आहे, बरं का. कढई आपणच पेटवायची. काडी ओढायची, तेल पेटवायचं, मग विझवायचं."

म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं.

आता लिहूनच टाकतो. तत्त्वबित्त्व काही नाही. मला आगीची भीती वाटते. बायको गॅस पेटवते तेव्हा मी गॅलरीत जातो. हवा खायला! दुपारी ती ऑफिसात असते, तेव्हा जेवण गारच गिळतो आणि चहा विजेच्या किटलीत करतो. ही किटली तिला ऑफिसच्या सोडतीत लागली. आमच्या सात पिढ्यांना सोडतीत चमचा लागला नव्हता, पण ऐन वेळी किटली लागली. नशीब म्हणायचं. तिला यातलं काही ठाऊक नाही आणि ठाऊक होता कामा नये. बंबवाल्याची बायको म्हणून चारचौघींत मिरवते बिचारी.

२४ फेब्रुवारी

पुन्हा हिमराक्षसासमोर. भाची थांबून राहिली. मी अंगठा लाल बटणावर नेला आणि डोळे मिटून दाबला. दाबतच राहिलो. डोळे उघडले तर अकरा दिवस पोसलेला राक्षस डबकं होऊन पडला होता! कानात भाची किंचाळत होती. कंट्रोलर घामाने चिंब. बायको दारात उभी होती. ती आत गेली.

२५ फेब्रुवारी

काडेपेटी हातात घेतली. ठेवून दिली.

२६ फेब्रुवारी

काडी ओढली. पेटायच्या आत फुंकली. इतका वेग बंबालाही नसेल.

२८ फेब्रुवारी

एक काडी. अर्ध्यापर्यंत.

२ मार्च

झालं! तिसऱ्या काडीला कढई पेटली. पहिल्या दोन विझल्या, त्या वाऱ्याने, असं मी साहेबांना सांगितलं. चाचणी बंद खोलीत होती. साहेब छताकडे बघत राहिले. भडका उठला तेव्हा एक पाऊल मागे गेलो, खोटं कशाला लिहू, मग पुढे झालो. झाकण सरकवलं, भडका दबला. तेलावर पाणी मारलं नाही, एवढी अक्कल हिमराक्षसाने शिल्लक ठेवली होती. सोमवारपासून बंबावर.

३ मार्च

सकाळी गॅस मी पेटवला. बायको बघत होती. मग तिने किटली पुसली आणि तिच्या खोक्यात भरायला घेतली. खोक्यात किटलीचं बिल होतं. तारीख बारा जानेवारी. मी घरी आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

म्हटलं, "सोडतीत लागली होती ना?"

"चहा उतू जातोय," ती म्हणाली.

बिल या पानात ठेवलं आहे.