विष उतरलं म्हणतात

घोडपदेव, मुंबई
१० नोव्हेंबर १९५७

ती. सौ. आईस,
राधाचा शि. सा. न. वि. वि. ताईचे दिवस भरत आलेत, तू तिला सोडून हलू नयेस म्हणून आधीच सांगते, की काळजीचं काही नाही. गुरुवारी रे रोडच्या वखारीत बाबा सागाचे ओंडके उलटत असताना गांधीलमाश्यांचं पोळं फुटलं. अंगभर डंख झाले. शेजारच्या शामरावकाकांनी लोखंड घासलं, चुना लावला. तोंड इतकं सुजलं की काका म्हणाले, कोंडीराम आता कुठे गुटगुटीत दिसतोय. काल सूज ओसरली. विष उतरलं, असं सगळे म्हणतात. फक्त बाबांना थोडी उष्णता झाली आहे आणि अन्न जात नाही. तरी महिनाअखेरीस संयुक्त महाराष्ट्राच्या प्रतापगड मोर्चाला जायचंच म्हणतात.
तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी राधा

आंबेड, ता. संगमेश्वर
१४ नोव्हेंबर

चि. राधास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गुणाजी मास्तरांनी पडवीत वाचून दाखवलं. हेही मी सांगते नि ते लिहितात. उष्णतेला शहाळ्यासारखं औषध नाही. भिवा उद्या मुंबईला निघतोय, त्याच्याबरोबर शहाळी पाठवते. सकाळ-संध्याकाळ एकेक दे. नको म्हणाले तरी दे. ह्यांचं नको मला लग्नापासून ठाऊक आहे. तुझ्या पत्रात काहीतरी लिहायचं राहिलंय असं मात्र वाटतं.
जपून राहा.
तुझी आई

परळ, इस्पितळातून
१८ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि. हो, राहिलं होतं. शहाळी बाबांना दिली नाहीत, शेजारच्या खाटांना वाटली. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत ते पाणी पोटात गेलं असतं तर त्यातल्या क्षारांनी काळीज बंद पडू शकलं असतं.

आई, ती उष्णता नव्हती. बाबांना काळ्या चहासारखी लघवी होत होती. मुलीला कसं सांगायचं, म्हणून त्यांनी शामरावकाकांना सांगितलं, आणि काका म्हणाले, विष निघतंय, निघू दे. काकूंकडून ते माझ्या कानावर आलं होतं. पण पत्र मास्तर मोठ्यानं वाचतात, पडवीत चार माणसं असतात, म्हणून मी उष्णता लिहिलं. पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी लघवी बंद झाली, तेव्हा त्यांना इथे आणलं. फार डंख झाले की विषाने स्नायू नि रक्त फुटतं, त्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, असं डॉक्टर सांगतात. त्यावर औषध नाही. पाणी मापून द्यायचं आणि लघवी पुन्हा सुरू होण्याची वाट बघायची. झाली तर माणूस वाचतो. बाबा पाण्यासाठी मला हात जोडतात. मी पेला खाटेखाली लपवते. लघवीसाठी उशाला ठेवलेली बाटली रिकामीच आहे.

मास्तरांनी हे जसंच्या तसं वाचावं, ही विनंती.
तुझी चुकलेली
राधा

आंबेड
२२ नोव्हेंबर

चि. राधास आशीर्वाद. ताईला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तिची सासू आली की मी निघते. तुझं पत्र वाचताना मास्तर एका शब्दाशी अडखळले. मी म्हटलं वाचा, नवरा माझा आहे. पडवीत कुणी हसलं नाही. आता शेजारची म्हातारीसुद्धा रोज सांजेला, कोंडीराम मुतला का, म्हणून विचारून जाते. तुला शाळेत घातलं ते असलंच लिहिता यावं म्हणून. यापुढे पाकीट नको. उघड्या कार्डावर लिही, म्हणजे टपालवाला वेशीवरूनच ओरडत येईल. पाणी तू मापूनच दे. शिव्या घातल्या तर माझ्या नावावर टाक.
तुझी आई

परळ
२६ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि. आज सकाळी बाबांना लघवी झाली. दुपारी पुन्हा झाली. काकांना बोलावू का विचारलं, तर बाबा नको म्हणाले आणि बाटली माझ्याच हातात दिली. मी ती सिस्टरकडे नेली. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, पण हसले. मोर्चाला मात्र जाता येणार नाही, म्हणून बाबा रुसलेत.

हे कार्ड ज्यांच्या ज्यांच्या हातून तुझ्यापर्यंत येईल, त्या सगळ्यांना माझा नमस्कार.
राधा